वाट दोनदा वाचावी : रणभूमीतल्या पायवाटांच्या अभ्यासाची प्रस्तावना

उत्तर इटलीत पासुबिओ नावाच्या डोंगरावर एक वाट चढते. बोक्केत्ता काम्पीलिया या १२१६ मीटरवरच्या खिंडीतून ती निघते आणि १९२८ मीटरवर पोर्ते देल पासुबिओला पोचते. अंतर साधारण साडेसहा किलोमीटर. त्यातलं २.३ किलोमीटर डोंगराच्या पोटातून जातं, एकामागून एक अशा ५२ बोगद्यांमधून. सह्याद्रीत पाय मुरलेल्या माणसाला इथे पहिलं नवल वाटतं ते हे, की इतक्या उभ्या कड्यावरून चढताना धाप लागत नाही. त्याचं कारण असं, की ही वाट खेचरांच्या मापाने आखलेली आहे. १९१७च्या फेब्रुवारीत इटालियन सैन्याच्या ३३व्या सुरुंगवाल्या कंपनीने ती खोदायला घेतली आणि वर्ष सरायच्या आत पुरी केली. लादलेलं खेचर किती चढ काढेल, पाठीवरच्या पेट्यांसकट ते कोणत्या वळणातून निघेल, यावरून तिची रुंदी आणि चढ ठरला. विसावा बोगदा तर एका सुळक्याच्या आतल्या आत गोल फिरत वर निघतो. डोंगराच्या दुसऱ्या अंगाने आधीचा रस्ता होताच. पण तो ऑस्ट्रियन तोफांच्या टप्प्यात होता. म्हणून कडा फोडून ही दुसरी वाट काढली. मधूनमधून खडकात ठेवलेले झरोके लागतात, त्यांतून खालची दरी दिसते, आणि पुन्हा विजेरी पेटवून काळोखात शिरायचं.

आज तिथे सुट्टीच्या दिवशी लहान मुलांना घेऊन आलेली कुटुंबं भेटतात. डबे सोडतात, फोटो काढतात. यात वाईट काही नाही. पण एका सैन्याच्या रसदीची सोय शंभर वर्षांनी सहलीची वाट कशी झाली, हा प्रश्न तिथल्या एखाद्या पाटीपाशी थांबून ज्याला पडतो, त्याच्यासाठी हे पुस्तक आणि ही प्रस्तावना आहे.

गेल्या चाळीसेक वर्षांत अशा वाटांचा अभ्यास युरोपात चांगला रुजला. लष्करी इतिहासकार, पुरातत्त्वज्ञ, भूगोलाचे अभ्यासक, जंगलांचे जाणकार आणि स्मारकांचा इतिहास लिहिणारे असे सगळे आपापल्या दाराने इथे आले. त्यांच्याही आधी आले ते गिर्यारोहण मंडळांतले हौशी लोक, आणि खरं तर पाया त्यांनीच घातला. क्षेत्र अजून तसं पोरवयाचं आहे, कुंपणं पक्की झालेली नाहीत, त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला आत शिरणं सोपं जातं. येणाऱ्याकडून अपेक्षा एकच: रणभूमीतली वाट दोनदा वाचायची. पहिल्या वाचनात जमीन वाचायची. चढ कुठे आहे, पाणी कुठे आहे, कुठून कुठलं दिसतं आणि कुठून दिसत नाही. दुसऱ्या वाचनात वाटच वाचायची. ती कोणी आखली, केव्हा, कोणाच्या पैशाने, कोणत्या जागेवर पाटी लावली आणि कोणत्या जागेला गुपचूप वळसा घातला. बरेच जण पहिल्या वाचनावर थांबतात. काही विद्यापीठीय मंडळी दुसऱ्यावरच सुरू होतात आणि बूट न मळवता लेख लिहितात. दोन्ही अपुरं आहे.

पहिलं वाचन मराठी ट्रेकरला फारसं शिकवावं लागत नाही. धार, सोंड, नाळ, खिंड, माची हे शब्द ज्याच्या रोजच्या बोलण्यात आहेत, त्याला डोंगर हा लढाईतला पक्ष असतो हे मुळात ठाऊक असतं. दर पावसाळ्यात शेकडो लोक पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे चालत जातात. १६६०च्या जुलैतल्या त्या रात्री चिखल, धुकं आणि ओढे यांनी काय केलं असेल, हे त्यांच्या पोटऱ्यांना कळतं. मात्र ही वाट आज जिथून जाते तिथूनच ती का जाते, ती कोणी आणि केव्हा ठरवली, हा दुसरा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. इटलीतल्या डोंगरांकडे बघताना तो विचारायची सवय लागली, तर तीच नजर घरीही उपयोगी पडेल.

इटली १९१५च्या मे महिन्यात ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्धात उतरला. स्टेल्व्हिओच्या खिंडीपासून एड्रियाटिक समुद्रापर्यंत सुमारे ६०० किलोमीटरची आघाडी उभी राहिली, आणि तिचा मोठा भाग झाडोरा संपतो त्याच्याही वर होता. लढण्याआधी तिथे टिकणं हेच काम होतं. मार्मोलादा डोंगरावर ऑस्ट्रियन सैन्याने हिमनदीच्या आत बोगदे खोदून खोल्या, कोठारं आणि जिने केले. १३ डिसेंबर १९१६ला याच डोंगरावर त्यांच्या तळावर हिमकडा कोसळला आणि काही मिनिटांत शेकडो सैनिक गाडले गेले. लागाझुओई आणि कोल दी लाना या डोंगरांत दोन्ही बाजूंनी आतून सुरुंग पोखरले. १९१६च्या एप्रिलमध्ये कोल दी लानाचा माथाच उडवला गेला. तिथे आजही डोंगराचा आकार नैसर्गिक वाटत नाही, कारण तो नैसर्गिक नाहीच. पूर्वेकडे सोचा नदीच्या खोऱ्यात (इटालियन लोक तिला इसोंझो म्हणतात) १९१५च्या जूनपासून १९१७च्या नोव्हेंबरपर्यंत बारा लढाया झाल्या. त्यांतल्या पहिल्या अकरांनी आघाडी थोडीफार इकडची तिकडे केली. बाराव्या लढाईत, २४ ऑक्टोबर १९१७ला, कोबारिद म्हणजेच कापोरेत्तोपाशी इटालियन फळी फुटली आणि अडीच लाखांहून अधिक सैनिक कैद झाले.

युद्ध थांबलं आणि रणभूमीचं काय झालं? याचं उत्तर बहुतेक माहितीपुस्तकांत सापडत नाही. रणभूमी भंगारात गेली. आसिआगोच्या पठारावर आणि आजूबाजूच्या खोऱ्यांत शेती उद्ध्वस्त झालेले लोक तोफगोळ्यांचं तांबं, शिसं आणि लोखंड गोळा करून किलोवर विकू लागले. त्यासाठी न फुटलेले गोळे हातांनी उघडावे लागत, आणि त्यात पुष्कळांचे जीव गेले. एर्मानो ओल्मी या दिग्दर्शकाने १९७० साली या लोकांवर एक चित्रपट केला आहे. त्याच्या लेखनात याच पठारावरचा लेखक मारिओ रिगोनी स्टेर्न याचा हात होता. म्हणून आज खंदकात उभं राहून ‘सगळं जसंच्या तसं राहिलंय’ असं म्हणणाऱ्याला एकच सांगावंसं वाटतं: बाबा रे, तू बघतोयस ते गरिबांना विकता न आलेलं उरलंसुरलं आहे.

भंगारवाल्यांच्या मागून सरकार आलं. फॅसिस्ट राजवटीने १९३०च्या दशकात विखुरलेल्या दफनभूमी उकरून अस्थी मोठाल्या स्मारकांत एकत्र केल्या. रेदिपुलियाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या स्मारकात एक लाखाहून अधिक सैनिक आहेत, त्यांतल्या ६० हजारांहून अधिकांची ओळख पटलेली नाही. कोबारिद गावाच्या वरच्या टेकडीवर ७०१४ इटालियन सैनिकांचं अस्थिस्मारक आहे. १९३८मध्ये त्याचं उद्घाटन मुसोलिनीने केलं. गंमत म्हणजे ते गाव तेव्हा इटलीत होतं, दुसऱ्या महायुद्धानंतर युगोस्लाव्हियात गेलं आणि आज स्लोव्हेनियात आहे. गाव जागचं हललं नाही, देश त्याच्यावरून फिरले. अशा ठिकाणी एकाच बाजूच्या शौर्याचं स्मारक फार दिवस तग धरत नाही.

पायवाटेची कल्पना इथून वर आली. १९७३ साली वाल्टर शाउमान या ऑस्ट्रियन अधिकारी-इतिहासकाराने डोलोमाइट डोंगरांच्या मित्रांची एक संस्था काढली आणि देशोदेशीच्या स्वयंसेवकांना घेऊन ढासळलेल्या लष्करी वाटा पुन्हा बांधायला सुरुवात केली. एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्यांच्या वाटा एकमेकींना जोडायच्या, असा तो साधा आणि आडदांड विचार होता. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्रेंतिनो प्रांताने ५०० किलोमीटरहून लांब ‘शांततेची वाट’ आखली. कोबारिदमध्ये १९९० साली उघडलेल्या संग्रहालयाला तीनच वर्षांत युरोप परिषदेचा संग्रहालय पुरस्कार मिळाला, आणि २०००मध्ये तिथेच सोचा खोऱ्यातल्या शांतता-वाटेसाठी प्रतिष्ठान स्थापन झालं. ही वाट आता आल्प्सपासून एड्रियाटिकपर्यंत, सीमेच्या दोन्ही अंगांनी जाते. २००१मध्ये इटलीने पहिल्या महायुद्धाच्या अवशेषांच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. किल्ले, खंदक, बोगदे आणि लष्करी वाटा त्याच्या छत्राखाली आल्या. सैनिकांनी दगडावर कोरलेली अक्षरंसुद्धा.

या सगळ्या वाटेवर एकच जागा निवडायला सांगितली तर मी तोल्मिनच्या वर असलेल्या याव्होर्त्साचं लाकडी देऊळ निवडेन. १९१६ साली, आघाडी जवळच धगधगत असताना, ऑस्ट्रो-हंगेरियन सैनिकांनी ते स्वतःच्या हातांनी उभारलं. बाहेरच्या भिंतींवर साम्राज्यातल्या निरनिराळ्या प्रदेशांची चिन्हं रंगवली. आत दारूगोळ्याच्या खोक्यांच्या फळ्या बसवल्या आणि त्यांवर अडीच हजारांहून अधिक मृत सोबत्यांची नावं डागून काढली. नावांमध्ये स्लाव्ह आहेत, हंगेरियन आहेत, जर्मन आहेत, मुसलमान आहेत. ज्या साम्राज्याची चिन्हं बाहेर रंगवली ते दोन वर्षांत नाहीसं झालं, नावं उरली. गोळे ज्या खोक्यातून आले त्याच्याच लाकडावर मेलेल्याचं नाव, याहून बोलका पुरावा अभ्यासकाला दुसरा कुठला हवा?

आता या क्षेत्राच्या मूळ दाव्यालाच टोचणारी एक गोष्ट. ‘चालल्याशिवाय लढाई कळत नाही’ असं आमच्याकडे उठताबसता म्हणतात. पण कापोरेत्तोच्या माघारीचं जगातलं सर्वांत गाजलेलं वर्णन ज्याने लिहिलं, तो हेमिंग्वे त्या माघारीत नव्हताच. तो इटलीत आला १९१८च्या उन्हाळ्यात आणि जखमी झाला तो पिआवे नदीकाठी. १९२९च्या ‘ए फेअरवेल टू आर्म्स’मधला चिखल आणि गाड्यांची कोंडी त्याने नकाशे, वर्तमानपत्रं आणि ऐकीव माहितीतून उभी केली, आणि ती पटते. उलट बाजूने, एर्विन रोमेल हा तरुण अधिकारी कोलोव्ह्रात आणि मातायूरच्या धारेवर प्रत्यक्ष धावत होता. २६ ऑक्टोबर १९१७ला त्याने मातायूरचा माथा घेतला आणि १९३७मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. आज त्याचं पुस्तक हातात धरून त्या धारेवरून चालणारे पुष्कळ आहेत. चालताना त्याचे चढउतार तंतोतंत जुळतात. पण पुस्तक जिंकणाऱ्याने, स्वतःबद्दल आणि वीस वर्षांनी लिहिलेलं आहे, ही गोष्ट डोंगर सांगत नाही. जमीन खोटं बोलत नाही, पण ती विचारलं तेवढंच बोलते.

जमीन बदलतेही. त्या वेळच्या छायाचित्रांत जे उतार तोफांनी सोलून काढलेले दिसतात, त्यांवर आता दाट झाडी आहे. ज्या ठाण्यावरून समोरची खिंड आरपार दिसायची तिथून आज दहा पावलांवरचं दिसत नाही, आणि मग नवखा माणूस म्हणतो, ‘इथे मशीनगन कशाला ठेवली असेल?’ बर्फाच्या बाबतीत उलट झालं. हिमनद्या मागे हटताहेत आणि त्यांच्या पोटातून छावण्या, तारा, बूट, कधी माणसंही बाहेर येताहेत. ३६२९ मीटरवरच्या पुंता लिंके इथलं रज्जुमार्गाचं ऑस्ट्रियन ठाणं असंच बर्फातून मोकळं झालं. पुरातत्त्वज्ञांनी ते उकरलं आणि २०१४पासून लोकांना बघायला खुलं आहे. इतक्या उंचीवरचं संग्रहालय बघायला मिळतं याचा आनंद मानायचा की ते का बघायला मिळतं याची काळजी करायची, हे ज्याने त्याने ठरवावं.

पहिल्या महायुद्धाच्या या वाटा उंच, निर्मनुष्य डोंगरांतून जातात. दुसऱ्या महायुद्धातली आघाडी अपेनाइन डोंगरांमधून, म्हणजे गावं, शेतं, चर्च आणि द्राक्षमळे यांच्यामधून गेली, आणि तिथे हे क्षेत्र जास्त अवघड होतं. १९४४मध्ये जर्मनांनी इटलीच्या कमरेला आडवी तटबंदी घातली होती, पश्चिमेला मास्सापासून पूर्वेला पेझारोपर्यंत. तिला गॉथिक लाइन म्हणतात. बोलोन्याहून फ्लॉरेन्सला जाणारी ‘देवांची वाट’ ही १३० किलोमीटरची पदयात्रा हल्ली फार लोकप्रिय आहे. ती फूता खिंडीतून जाते, आणि तिथे सुखाने चालत आलेला माणूस अचानक ३० हजारांहून अधिक जर्मन सैनिकांच्या दफनभूमीत येऊन उभा राहतो. डिटर ओएस्टरलेन या वास्तुकाराने आखलेली ही जागा १९६९मध्ये खुली झाली. टेकडीभोवती दगडी भिंत वळणं घेत माथ्याकडे जाते, थडग्यांचे दगड मात्र जमिनीलगत आडवे. विजयस्तंभ नाही, पुतळा नाही. हरलेल्या आणि गुन्हेगार राजवटीच्या सैनिकांना कुठे आणि कसं ठेवायचं, या प्रश्नाचं हे एक उत्तर आहे. मला ते प्रामाणिक वाटतं. सगळ्यांना वाटत नाही.

खरी लढाई मात्र शेजारच्या जोगो खिंडीत निकालात निघाली. जर्मनांनी मुख्य हल्ला फूतावर येणार असं धरलं होतं. अमेरिकन सैन्याने १९४४च्या सप्टेंबरमध्ये जोगोवर आणि तिच्या कडेच्या मोन्ते आल्तूझोवर घाव घातला. आल्तूझोच्या त्या काही दिवसांचा अमेरिकन लष्कराने १९५२ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या क्षेत्रात शिरणाऱ्याने जरूर वाचावा. एक डोंगर, काही कंपन्या, कुठल्या तुकडीने कुठली सोंड धरली आणि धुक्यात कुठली सोंड समजून कुठल्या सोंडेवर गेली, इतक्या जवळून. मोठ्या युद्धांचा इतिहास लिहिणाऱ्यांना जे सैन्य नकाशावरच्या बाणासारखं दिसतं, ते इथे वाट चुकलेली, तहानलेली माणसं म्हणून दिसतं.

आणि मग मोन्ते सोले. बोलोन्याच्या दक्षिणेला असलेल्या या डोंगरावर २९ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर १९४४ या आठवड्यात एस.एस. सैनिकांनी वाडी-वस्त्यांतल्या सुमारे ७७० माणसांना मारलं. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे होते. कासालिया वस्तीतले लोक चर्चमध्ये आसऱ्याला जमले होते. त्यांना बाहेर काढून गावच्या स्मशानात नेलं आणि मशीनगन लावली. १९८९पासून हा परिसर ऐतिहासिक उद्यान म्हणून राखलेला आहे आणि वस्त्यांचे जोते जोडत एक पायवाट फिरते. तिथे रणनीतीच्या डोळ्याने बघण्यासारखं काही नाही. कुठून कुठे गोळी पोचेल हा प्रश्नच तिथे निर्लज्ज ठरतो. ‘रणभूमीची पदयात्रा’ हे नाव जिथे पुरं पडत नाही अशी ती जागा आहे, म्हणून तिच्यावरून हे क्षेत्र स्वतःला तपासतं. एका दिवसात जोगो आणि मोन्ते सोले असा बेत करणाऱ्या सहलवाल्यांना माझा साफ नकार असतो.

मराठी वाचकाने इथवर यायला दूरचं कारण शोधायची गरज नाही. इटलीच्या मोहिमेत हिंदी सैन्याच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजन लढल्या. ५७८२ हिंदी सैनिक तिथे कामी आले. त्या मोहिमेत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ हिंदी सैन्याकडे आले, त्यांत दोन मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. नाईक यशवंत घाडगे हे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४ला वरच्या तिबेर खोऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे मशीनगनच्या माऱ्याखाली पडले. ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले, हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि काडतुसं बदलायला सवड नव्हती म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. नंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते गेले. त्यांचा देह सापडला नाही; नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. माणगावला त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ साली उंब्रियातल्या मोंतोने या छोट्या गावात त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ बसवलं गेलं. दुसरे शिपाई नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदी ओलांडताना त्यांनी दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे पोचवलं, मग एकट्याने परत जाऊन तीन मशीनगन गप्प केल्या आणि बांधावर चढून, मराठ्यांची आरोळी ठोकत बाकीच्यांना पुढे बोलावलं.

सेनिओचा तो बांध बघावा. डोंगरवाल्यांना तो निराश करतो, कारण सपाट मुलखात तो नुसता मातीचा ढीग दिसतो. पण नदी दोन उंच बांधांच्या मध्ये कोंडलेली आहे आणि जर्मन त्याच मातीत बिळं करून बसले होते. पलीकडे पोचेपर्यंत शत्रू कुठे आहे ते दिसत नाही, आणि पोचल्यावर तो हातभर अंतरावर असतो. बांधावर उभं राहिलं की प्रशस्तिपत्रातलं एकेक वाक्य जमिनीवर मांडलेलं दिसतं. पोहणं, चढणं आणि पुन्हा मागे येणं या तिन्ही गोष्टींत किती दमछाक आहे ते कळतं.

युद्धाने या पलटणींना विचित्र जागी नेलं. फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येला मोंतेगूफोनी नावाचा गढीवजा वाडा आहे. युद्धकाळात उफ्फीत्सी संग्रहालयातली चित्रं तिथे लपवून ठेवली होती. १९४४च्या उन्हाळ्यात पहिल्या मराठा पलटणीने तिथे मुक्काम केला तेव्हा बॉतिचेल्लीचं ‘प्रिमावेरा’ त्याच छपराखाली होतं. कोकण-देशावरचे जवान पहाऱ्याला आणि आत जगातली एक विख्यात कलाकृती. कुणा शाहिराला सुचलं नसतं असं हे दृश्य.

इथे एक अडचणीचा प्रश्न आहे आणि प्रस्तावनेत तो टाळू नये. हे जवान कोणासाठी लढत होते? घाडगे तिबेरच्या खोऱ्यात पडले तेव्हा घरी काँग्रेसचे बहुतेक पुढारी तुरुंगात होते आणि साताऱ्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. पलटणीत पोरं धाडणारा मुलूख आणि भूमिगतांना भाकरी देणारा मुलूख पुष्कळदा एकच होता, कधी घरही एकच. स्वातंत्र्यानंतर आपण ही गोष्ट नीट सांगायला कचरलो. साम्राज्याचे शिपाई म्हणून त्यांना बाजूला ठेवलं, किंवा सोहळ्यापुरतं शौर्य काढून घेतलं. माझं मत असं, की फॅसिझमविरुद्धच्या त्या लढाईत त्यांनी केलेलं काम आणि त्यांना तिथे नेणारी गुलामी ही दोन्ही खरी आहेत आणि दोन्ही एकाच वाटेवर भेटतात. फोर्लीच्या हिंदी सैनिकांच्या दफनभूमीत दफनाचे दगड आहेत, आणि ज्यांना अग्नी दिला त्यांच्यासाठी वेगळं दहन-स्मारकही आहे. इटलीच्या सपाट शेतांमध्ये हे बघताना अभिमान आणि चीड एकदम येते. ती तशीच येऊ द्यावी.

जायचं ठरलंच तर थोडं व्यवहाराचं. उंच आल्प्समधल्या वाटा जूनअखेर ते सप्टेंबर एवढ्याच काळात निर्धास्त असतात; लोखंडी साखळ्या-शिड्यांच्या मार्गांना हेल्मेट आणि दोराची साधनं लागतात, सिंहगड वारंवार केल्याने त्यांची सूट मिळत नाही. बोगद्यांसाठी विजेरी हवीच. अपेनाइनमध्ये वसंत किंवा शरद चांगला. दगडांवर आणि झाडांवर लाल-पांढरे पट्टे दिसले की वाट बरोबर. जमिनीत दिसलेलं गंजकं लोखंड, कितीही निरुपद्रवी वाटलं तरी, हाताळू नये. शंभर वर्षांनीही गोळे फुटतात. काडतुसाची पुंगळीसुद्धा खिशात घालू नये, कायद्याने आणि रिवाजानेही. प्रत्येक पाटीच्या तळाशी ती कोणी आणि कोणत्या साली लावली ते छोट्या अक्षरांत लिहिलेलं असतं. आधी ते वाचावं, मग वरचा मजकूर. आणि निदान एकदा तरी चढताना हल्ला करणाऱ्याच्या बाजूने आणि उतरताना बचाव करणाऱ्याच्या बाजूने बघावं. फुगीर उताराच्या पोटात माथ्यावरच्या माणसाला काहीच दिसत नाही, हे एकदा पायांना कळलं की लढायांची निम्मी वर्णनं नव्याने वाचावी लागतात.

ज्यांना जाणं जमणार नाही त्यांच्याकडे दुसरं काम आहे, आणि ते जास्त निकडीचं आहे. रायगड, रत्नागिरी, सातारा, नगर, बेळगाव या भागांतल्या अनेक घरांत आजोबा-पणजोबांच्या ट्रंका आहेत. त्यांत लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल अशा सारख्या पट्ट्यांच्या फितीचं, सहा टोकांचं ताऱ्यासारखं पदक सापडलं, तर तो माणूस बहुतेक इटलीच्या मोहिमेत होता. हिंदी सैनिकांच्या या पदकांच्या मागे बहुधा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. ते लख्ख करायला चिंचेने घासू नये, अक्षरं जातात. अक्षरांचा जवळून फोटो काढावा. पे-बुक, पत्रं आणि डिस्चार्जचे कागद पदकापासून वेगळे करू नयेत, आणि घरात म्हातारं माणूस असेल तर गावाचं किंवा नदीचं एखादं नाव त्यांना ऐकल्यासारखं आठवतं का ते विचारून, तारखेसह लिहून ठेवावं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची मृतांची नोंदवही विनामूल्य शोधता येते. मात्र कारकुनांनी मराठी नावांची मोडतोड केलेली असल्याने आडनाव चार प्रकारांनी लिहून बघावं. इटलीतल्या वाटांवर आपल्या लोकांच्या पाट्या कमी आहेत, आणि त्या लावायच्या तर मजकूर या ट्रंकांमधूनच यायचा आहे. ट्रंक याच सुट्टीत उघडा.